डबा रिकामा देऊ नये

"मोना, आज डब्यात काय टाकायचं? दराब्याचे लाडू तर परवाच दिले यार. आता काय माझं डोकं घालू त्यात?"

प्लायच्या पार्टिशनपलीकडून खालच्या भाडेकरूचा, निरंजनचा आवाज आला आणि शारदाकाकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या. हातात वांग्याच्या भाजीचा गरम डबा.

"हळू बोल ना," मोनाली म्हणाली. "काकूंचं भांडं रिकामं कसं द्यायचं? शेव घेऊन ये थोडी."

"मेसचा खर्च वेगळा, हा वेगळा. आपलं किचन असतं तर तूच काही बनवलं असतं. काकूंची भाजी आपल्याला हॉटेलपेक्षा महाग पडून राहिली."

काकू आल्या पावली वर गेल्या.

खालच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराचा आणि न्हाणीचा स्लॅब दिवाळीनंतर तोडायला घेतला होता. कडू मिस्तरी म्हणाला होता, पंधरवड्यात मोकळं करतो. आता होळी आली तरी ओट्याच्या जागी टेकूच्या बल्ल्याच उभ्या होत्या. निरंजन, मोनाली आणि त्याची आई आशाबाई, तिघं पुढच्या एका खोलीत राहत. अंघोळीला वर, काकूंकडे. आशाबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायच्या आणि वर पोचल्यावर आधी हसायच्या, कोणी काही विचारू नये म्हणून.

"तुम्ही काय भाडेकरू आहात का? घरचेच आहात," असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वाक्य गोड होतं आणि त्याला खर्च काही नव्हता. वरून रोज संध्याकाळी भाजी. निरंजन महिन्याच्या महिन्याला पूर्ण भाडं आणून द्यायचा, काकूंचे यजमान सुधाकरराव पूर्ण घ्यायचे, आणि नेमका तेव्हाच काकूंना चहा टाकायला आत जावं लागायचं.

"डबा परत का आणला?" सुधाकररावांनी विचारलं.

काकूंनी ऐकलं ते सांगितलं.

"म्हणजे दराबा विकतचा होता?"

"मग? शेगडी ठेवायला जागा नाही तिथं दराबा कुठून होईल? आणि तुम्ही म्हणत होते, काम जरा लांबलं तरी चालेल, दराबा झकास येतो!"

सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "सिमेंट, सळई, आपल्यालाही कमी का लागून राहिलं," ते म्हणाले, पण काकूंकडे न बघता. मग जरा थांबून, "भाड्याचं..." एवढं बोलले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

भाजी निवत चालली होती. काकू पुन्हा खाली उतरल्या. या वेळी पायऱ्यांवर मुद्दाम चपला वाजवल्या.

"मोनाली, एक सांगू?" डबा देताना त्या म्हणाल्या. "उद्यापासून डबा रिकामाच देत जा. आपल्यात कसलं आलं ते!"

मोनाली कानापर्यंत लाल झाली. काकूंनी ऐकलंय, हे तिला लगेच कळलं. "तसं नाही काकू, ते आपलं... रिवाज असतो ना," ती पुटपुटली. निरंजनने मोबाईल काढला, ठेवला, पुन्हा काढला. मग शर्टाच्या खिशातलं पाकीट काढून पुढे केलं.

"काकू, आज पहिली तारीख आहे. भाडं."

काकूंचा हात सवयीने पुढे झाला. पाकिटाला लागला आणि तिथेच राहिला. चहाचं निमित्त करायला इथे स्वयंपाकघरच नव्हतं.

"शारदा," खाटेवरून आशाबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"आई, राहू दे ना," निरंजन म्हणाला.

"तू चूप रे. हे घरचे म्हणते, म्हणून आपण तोंड उघडत नाही. अन् आपण तोंड उघडत नाही, म्हणून हे भाजी आणते." त्यांनी काकूंकडे पाहिलं, रागाने नाही, जिना चढून आल्यासारखं दमून. "आम्हाले घरचं नको म्हणू, माय. भाडेकरूच म्हण. अन् अर्ध्या घराचं अर्धं भाडं घे."