फीडर बंद

ऑपरेटर कारभारींनी मोबाइल कानाशी धरला आणि संगणकाच्या नव्या पडद्यावर गावाच्या वीजलाईनीच्या ओळीवर बोट ठेवले.

“व्हय रं बन्सी, गावठाण फीडर बंदच हाय. दिसतंय मला. चढ तू.”

फोन ठेवून ते मागे वळले. “गावाच्या तारंवर फांदी पडलीय, मॅडम. आमचा लाईनमन बन्सी काढतोय. बरं झालं, फीडर आधीच बंद हाय. मला हातसुद्धा लावावा लागला नाय.”

मागे स्टुलावर बसलेल्या सगीराने नुसती मान हलवली. बिडकीनजवळच्या या वीज उपकेंद्रात ती सकाळपासून राष्ट्रीय प्रयोगशाळेची निरीक्षक म्हणून बसली होती. तिचे वरिष्ठ डॉ. देशमाने बाहेर गाडीत होते. तिथून ते उपकेंद्राच्या संगणकावर लुटुपुटीचा हल्ला सोडणार, पडदा खोटे दाखवणार, आणि ते ऑपरेटरच्या ध्यानात येते का हे सगीरा पाहणार. कधी, ते तिलाही ठाऊक नव्हते. सगळी भिस्त पडद्यावरच राहावी म्हणून जुन्या पॅनेलचे लाल-हिरवे दिवे कापडाने झाकले होते. निरीक्षकाने तोंड उघडायचे नाही हा पहिला नियम. उघडले की दोन वर्षांचे संशोधन पाण्यात.

पडदा मात्र सगीराचा होता. मूळचा तो इंग्रजीत. इथल्या माणसांना आपल्या भाषेत वाचता यावा म्हणून तिनेच हट्टाने, शब्दकोश उशाशी घेऊन, तो मराठी केला. सकाळी तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा कारभारी म्हणाले होते, “आता कसं घरच्यावाणी वाटतंय!” सगीरा नुसती फुलून गेली होती.

पण आधीच बंद? कुणी केला? सगीराने मान वाकवून पाहिले. ‘बंद’च्या शेजारी अँपिअरचा आकडा होता आणि तो हलत होता. तारेतून वीज वाहत होती.

देशमाने सरांचा हल्ला सुरू झाला, हेच तिच्या मनात आले. चाचणी चालू असताना तारेवर माणूस नसेल असे ठरले होते. फांदीला ते कोण सांगणार? बोलले तर चाचणी गेली. गप्प राहिले तर बन्सी गेला. तिला भयंकर भीती वाटली, आणि ती उठली.

“काका, त्याला थांबवा. लाईन चालू आहे.”

“चालू कशी? बंद लिवलंय की इथं.”

“फोन लावा आधी!”

फोन नुसता वाजत राहिला. “चढताना गाडीच्या डिकीत ठिवतो तो,” कारभारी म्हणाले.

सगीराने पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि ‘बंद’ या आपल्याच शब्दावर तिची नजर अडकली. हल्ला कसला! इंग्रजीत स्विच ‘क्लोज’ झाला म्हणजे दोन टोके जुळली, वीज सुरू. शब्दकोशात ‘क्लोज’ म्हणजे बंद. तिने बंद लिहिले. ‘ओपन’ला उघडा. उस्मानपुऱ्यातल्या घरी अम्मी रोज ओरडायची, पंखा बंद कर म्हणून. तरी एवढ्या शिकलेल्या मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

“काका, ‘उघडा’ दाबा. लवकर!”

कारभारींनी उलट माउस घट्ट धरला. “येड लागलं का, मॅडम? पोरगं खांबावर हाय. लाईन उघडली तर कोळसा व्हईल त्याचा!”

“उघडलं की वीज जाते, काका! बंद म्हणजे चालू आहे, उघडा म्हणजे बंद!”

“काय बोलता तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?”

मराठीत ते वाक्य कुणालाच कळले नसते. सगीराने त्यांचे मनगट धरले. वडिलांच्या वयाचा माणूस. एरवी तिने नजर वर करून हुज्जतही घातली नसती. तिने सगळा जोर लावून हात ओढला, माउस हिसकावला आणि ‘उघडा’ दाबले.

बाहेर यार्डात स्विच सुटल्याचा धाडकन आवाज झाला. कारभारी मटकन खुर्चीत बसले.

“मारलं तुम्ही त्याला,” ते म्हणाले.

दोघेही फोनकडे बघत राहिले. तो वाजला तेव्हा कारभारींचा हात पुढे होईना. सगीराने स्पीकर लावला.

“मामा, मी निम्म्यावर हुतो,” बन्सी धापा टाकत होता. “समोरची गिरणी चालू हुती. म्हणलं ती दुसऱ्या लाईनीवर आसंल. आत्ता एकदम गप झाली, म्हणून खाली उतरलो. लाईन नक्की बंद हाय ना?”

कारभारींनी सगीराकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

तेवढ्यात दार ढकलून डॉ. देशमाने आत डोकावले.

“सॉरी, गाडीत नेटवर्कच मिळत नव्हतं. आता सोडतोय हल्ला. तयार ना?”

सगीराने हात वर करून त्यांना थांबवले.

“मामा, ऐकू येतंय का? बंद हाय ना?”

कारभारींनी तोंड उघडले, पण तो शब्द काही केल्या त्यांच्या जिभेवर येईना.

“वीज नाय, लेकरा,” ते म्हणाले. “तारंत वीज नाय.”