मोरीमागची तार

"आप्पा, माझ्या रेडिओची जमिनीतली तार तुम्हीच सोडवता ना?"

केशरनं एका दमात विचारून टाकलं. शाळेत वर्गातल्या भीमानं सगळ्यांदेखत डिवचलं होतं, "आप्पाच तार सोडवतात म्हणतेस? घरात विचारून दाखव, मग आमच्यापुढं मिरव!"

आप्पांचा घास हातातच राहिला. "मला हायेत व्हय तेवढे उद्योग? पर ऐक. काल तुझ्या आईला त्या डबड्यानं झटका दिला. आनखी एकदा कुनाला बसला, तर डबडं मोडीत!"

तेच तर हवंय यांना, केशरच्या मनात आलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं स्वतः जोडलेला रेडिओ! सेलवर गुणी बाळासारखा वाजे. श्रीरामपूरहून आणलेला जुना एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी घरची वीज पुरवणारी डबी, लावून विजेवर घेतला, की डबा चावे. म्हणून डब्यात उतरलेली वीज जमिनीत जावी यासाठी वायरमननं मोरीमागं खड्डा करून, मीठ-कोळसा घालून डब्याची तार पुरली होती. सारा हिवाळा डबा चावला नव्हता. मग आताच कसा? कुणीतरी तार सोडवत असणार.

तिनं तार चाचपली. शाबूत! डब्याकडची गाठ तिनं मारली होती तश्शीच. मग आई तर खड्ड्याकडं काही करत नसेल?

संध्याकाळी आई बादली घेऊन, इकडंतिकडं बघत मोरीमागं वळली. केशर दबक्या पावलांनी मागोमाग. आईनं भांडी विसळल्याचं पाणी बादलीत धरलं होतं आणि ती ते मोरीमागं बांधलेल्या वासराला पाजत होती.

"आप्पांना सांगू नको गं. पाणी याला देते हे कळलं, तर ते याला गुरांच्या छावणीत धाडतील."

केशरचं लक्ष खड्ड्याकडं गेलं. भेगाळलेली माती! एरवी मोरीचं सगळं पाणी इथंच मुरायचं. दुष्काळात थेंबही सुटत नव्हता. कोरड्या मातीत वीज जाणार कुठं? आणि एलिमिनेटरमधली विजेची गळती पहिल्यापासूनच असणार. मातीच्या ओलीनं ती फक्त लपवली होती.

ती तशीच घरात गेली, एलिमिनेटरची वायर उपटली आणि आप्पांपुढं आपटली. मागून आई धावत आली.

"तार कुणीच सोडवली नाही, आप्पा. चुकले मी. पण आता दोघंही ऐका. भांड्यांचं पाणी खड्ड्यात नको, ते वासराचंच. वासरू छावणीत जाणार नाही. खड्डा पुन्हा ओला झाला, तरी ही गळती सापडेपर्यंत मी रेडिओ विजेला लावणार नाही. सेलवरच ऐकणार. आणि गळती मीच शोधणार!"