तिघांचे एकच नाव

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, मित्रांनो. दिवाबत्तीचा नव्हे; संगणकांना एकमेकांशी जोडणारा लोखंडी डबा. आज माझे झाकण फाटलेले आहे आणि एक बाजू चेपलेली आहे. ते कसे झाले, तेच सांगतो.

१९९९ साली मी आणि माझे दोन भाऊ उज्जैनला, फ्रीगंजातल्या एका छापखान्यात आलो. तीन मजले, तिघे भाऊ. विष्णू नावाच्या वायरमनने आम्हाला जोडले. फार जपायचा तो आम्हाला. दसऱ्याला आमची पूजा झाली तेव्हा मालक भय्यासाहेब त्याला म्हणाले, "तिघांचं नाव महाकालच टाक. शुभ असतं." विष्णू कुरकुरला, पण मालकापुढे शहाणपण चालते कुठे! त्याने तिघांत तेच नाव भरले.

वर्षभर आमचे कौतुकच झाले. मग एक नवा प्रोग्राम आला. कोणते यंत्र कोणाला जोडले आहे, हे तो आपणहून शोधून नकाशा काढायचा. संगणक सांभाळणाऱ्या प्रतिभाताईंनी तो चालवला, तर नकाशात तीनऐवजी एकच स्विच!

भय्यासाहेबांच्या डोक्यात राख गेली. "बाकीचे दोन दिसतच नाहीत! असली माल विकून नकली बसवलास ना?"

"महाकालची कसम, भय्यासाहेब, मी काहीच नाही विकलं!"

त्यांनी विष्णूचा उजवा हात लोखंडी कपाटात धरला आणि दार आपटले. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग आत नकली माल आहे का ते पाहायला हातोडा माझ्यावर पडला. झाकण फाटले, तारा तुटल्या. आत कंपनीचा शिक्का होता आणि नंबरही खरेदीच्या कागदावरचाच होता.

प्रतिभाताई रडत म्हणाल्या, "हा प्रोग्राम नावावरून ओळखतो हो! तिघांचं नाव एक, म्हणून एकच दिसला. ते नाव तुम्हीच टाकायला लावलं होतं." त्यांनी माझ्या भावांची नावे बदलली. नकाशात दोन चौकोन उमटले. मी फरशीवर मरून पडलो होतो.

विष्णू आता नानाखेड्याला पानाची टपरी चालवतो. चुना डाव्या हाताने लावतो, असे ताई सांगतात.

मित्रांनो, यंत्र काहीबाही दाखवू लागले तर त्याला शिकवले कोणी, ते आधी विचारा. भय्यासाहेबांनाही ते कळले, पण विष्णूचा हात मोडल्यावर.