हळदीने झाकलेली गळती

मित्रांनो, अख्ख्या पांढरकवड्यात दोनच दारांची गाडी मी एकटी. माझं नाक लांब, अंग बुटकं आणि रंग लाल. आता त्या लालीला जागोजागी पोपडे आलेत, ती गोष्ट वेगळी. परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मुंबईच्या एका हौशी माणसाकडे बारा वर्षं धावले आणि मग कापसाच्या एका चांगल्या वर्षी रामरावजींनी मला इथे आणलं. हायवेला लागून त्यांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात फाटकापासून दूरवर बैलगाड्यांची रांग लागायची आणि रामरावजी मला मुद्दाम हळूहळू त्या रांगेजवळून न्यायचे. लोक माना वळवून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

माझी देखभाल पंजाबराव मिस्त्रींकडे होती. ट्रकची कामं करून त्यांचे हात राठ झालेले, पण मला ते बोटांच्या शेंड्यांनी हात लावायचे. त्यांच्या जोडीला लखीराम. हा जवळच्या तांड्यावरचा, वयाने बराच लहान, बोलायला कमी आणि कामाला चोख. अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते.

पंजाबरावांना एका गोष्टीची भारी चीड होती. रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात मूठभर हळद टाकतात. हळद फुगते, फटीत जाऊन बसते, गळती थांबते आणि गाडी हैदराबाद गाठते. असा ड्रायव्हर आला की पंजाबराव त्याला सगळ्यांदेखत विचारायचे, गाडीचं लगन लावून राह्यला काय? लखीराम हसून हसून बेजार व्हायचा.

आणि एका उन्हाळ्यात त्याच पंजाबरावांनी माझ्या रेडिएटरमध्ये हळद टाकली. माझं पाणी कमी होत होतं, पण गळालेलं गरम इंजिनावरच वाळायचं, जमिनीवर थेंब दिसत नव्हता. रामरावजींना ढाणकीला लग्नाला जायचं होतं, ते दारात खोळंबले होते. लखीराम त्या दिवशी तांड्यावर गेलेला. पंजाबरावांनी आपल्या घरात जाऊन बायकोच्या, प्रभावतीबाईंच्या, डब्यातून दोन मुठी हळद आणली, माझ्यात ओतली आणि झाकण लावलं. गळती थांबली. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. ज्यावरून दुसऱ्यांना झापायचं, तेच आपण केलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

खरं दुखणं माझ्या पाण्याच्या पंपात होतं. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकावं आणि कारागिराला कळावं, म्हणून बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. हळदीने नेमकं तेच भोक बुजलं. म्हणजे माझं तोंडच बंद झालं म्हणा.

वर्षभराने, दोन हजार तीन साली, लखीरामने माझा खालचा पाण्याचा पाइप बदलला. रिवाजाप्रमाणे त्याने जुनं पाणी काढून टाकलं आणि नवं भरलं. हळदीचं बूच त्यात सैल झालं. चौथ्या दिवशी घाट चढताना ते सुटलं. पंख्याच्या वाऱ्याने पाणी सगळीकडे उडालं आणि मी उकळायला लागले. रामरावजींनी मला लगेच बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, पण घाईघाईत त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळती वाफ त्यांच्या उजव्या हातावर आली. तो हात कोपरापर्यंत भाजला. त्या हाताची बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

मला ओढत जिनिंगच्या फाटकाशी आणलं. वीस-पंचवीस माणसं जमली. नवा पाइप ओला होता, तो सगळ्यांना दिसला. पंजाबराव खाली वाकले, पाइपाला हात लावला आणि उभे राहून म्हणाले, "लखीराम, तुया हातात आता काम राह्यलं नाही."

त्या क्षणी त्यांना हळद आठवली होती का? मला वाटतं, आठवली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते.

लखीरामने हातातला पाना माझ्या चाकाजवळ ठेवला आणि तो निघून गेला. शेठचा हात जाळणारा मिस्त्री, असं त्याचं नाव पडलं. पुढे कोणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. मला बोलता आलं असतं तर, मित्रांनो, मी त्याच दिवशी सगळं सांगितलं असतं.

मला जिनिंगच्या शेडमध्ये ढकललं, ते तीन वर्षांसाठी. त्या वर्षांत कापसाचे भाव कोसळले. बैलगाड्यांची रांग आखूड झाली, मग दिसेनाशी झाली. सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज थांबला. माझ्या टपावर सरकी आणि धूळ साचली. शेवटी मशिनी भंगारात निघाल्या, तेव्हा रामरावजींनी पंजाबरावांना निरोप धाडला, की गाडी सुरू झाली तर ठेवतो, नाही तर तीही ट्रकमध्ये टाकतो.

पंजाबराव एकटेच आले. रेडिएटरच्या तोंडात त्यांनी बोट घातलं, ते पिवळा गाळ घेऊन बाहेर आलं. ते बोट त्यांनी नाकाशी नेलं. मग कामाला लागले. जुन्या झाकणाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह जोडून आणला होता. पाणी भरून ते झाकण लावलं. शेडच्या कोपऱ्यात पडलेला कापूस उचलला आणि माझ्या प्रत्येक सांध्याखाली एकेक बोळा खोचला. सायकलच्या पंपाने हवा भरली, म्हणजे आतल्या दाबाने जिथे फट असेल तिथला बोळा भिजावा, आणि ते विडी न पेटवता समोर बसून राहिले.

अर्ध्या तासाने त्यांनी बोळे काढले. लखीरामच्या पाइपाखालचा बोळा कोरडा होता. तीन वर्षांत त्या पाइपाला कोणी हात लावला नव्हता. पंपाखालचा बोळा ओला होता, पिवळा होता आणि त्याला हळदीचा वास होता. पंजाबराव तो हातात घेऊन रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या पंपाचं सील इथे मिळणार कुठून? त्यांनी जीपचं सील आणलं आणि लेथवाल्याकडून बसण्याची जागा तासून घेतली. रेडिएटर उघडून नळ्यानळ्यांतून तांब्याची पट्टी फिरवली. आठव्या दिवशी मी सुरू झाले, आणि पंजाबरावांनी मला सरळ लखीरामच्या तांड्यावर नेलं.

लखीराम अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. आता तेवढंच काम त्याला मिळत होतं. त्याची बायको हंसाबाई पाणी घेऊन आली. पंजाबरावांनी ते घेतलं नाही. कागदातला बोळा त्यांनी लखीरामसमोर ठेवला.

"हळद म्या टाकली होती. आदल्या उन्हाळ्यात. तुले सांगतलं नाही."

लखीरामने बोळ्याला हात लावला नाही. "मले तवाच मालूम होतं पंजाबभाऊ, का पाइप माया हातून ढिला राह्यला नाही. मले कायले सांगून राह्यले? ज्याइच्या समोर मायं नाव घेतलं, त्याइले सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी पंजाबरावांनी मला त्याच फाटकासमोर उभं केलं. माणसं जमली. लखीरामही आला आणि मागे उभा राहिला. पंजाबरावांनी माझं बॉनेट उघडलं, बोळा रामरावजींच्या हातात दिला आणि हळदीपासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "रामरावजी, तुमचा हात म्या जाळला. लखीरामनं नाही."

रामरावजींनी आपल्या न मिटणाऱ्या बोटांत तो पिवळा कापूस धरला. मग त्यांनी माझी किल्ली पंजाबरावांकडून घेतली आणि गर्दीतून वाट काढत लखीरामच्या हातावर ठेवली. लखीराम पुढे आला, वाकला, पंपाखाली बोट फिरवलं आणि कोरडं बोट पंजाबरावांना दाखवलं.

"सील मस्त बसलं, भाऊ," तो म्हणाला.

आता माझी देखभाल लखीरामकडे असते. पंजाबरावांकडे गिऱ्हाईक कमी झालंय, पण दुपारच्या जेवणाला ते पुन्हा लखीरामच्या डब्यावर बसतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांची निगा राखा आणि ती गळू लागली तर गळती शोधा, झाकू नका. आणि चारचौघांत कोणाला बोल लावला असेल, तर तो मागे घ्यायलाही चारचौघांतच जा. तीन वर्षं वाट बघू नका.