पिंजऱ्याखालची अंबाडी

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटल्यावर तुम्ही लगेच नाक मुरडाल, ते मला माहीत आहे. पक्ष्यांना कोंडून ठेवणारा तो दुष्ट, असंच तुम्हाला शाळेत शिकवलेलं असणार. असू द्या. पण मी काही हौसेने पिंजरा झालो नाही. तुझं काय करू, असं तारेला कोणी विचारतं का? आज माझं दार एका बिजागरीवर लोंबतंय, तळाला गंज चढलाय, आणि कुवेतमधल्या रिग्गई नावाच्या वस्तीत एका घराच्या गच्चीवर मी एकटाच पडून आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म इथल्या शुक्रवारच्या बाजारात झाला. तिथे एक म्हातारा इजिप्शियन कारागीर जमिनीवर बसून तारा वळवायचा. हात मोठा सफाईदार! माझा घुमट बघून येणारे-जाणारे ‘माशाल्ला’ म्हणायचे, खोटं नाही सांगत. फक्त तळाचा पत्रा त्याने घाईत बसवला. दुपारच्या नमाजाची बांग झाली, आणि एक कोपरा तसाच ढिला सोडून तो उठला. तो ढिला कोपरा तेवढा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

१९९५ सालच्या हिवाळ्यात शर्मिला आणि राजन या जोडप्याने मला विकत घेतलं. राजन नाशिकचा, इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर. शर्मिलाचं माहेर परभणीकडचं. मुलगा मयूर दहावीच्या अभ्यासासाठी नुकताच नाशिकला आत्याकडे गेला होता. राजनची शिफ्टची नोकरी. तो घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. वाईट नव्हता हो, दमलेला होता. जाताना रोज बजावायचा, “कोणी अनोळखी आलं तर फाटक उघडू नकोस.” आणि शर्मिला ते इतकं मनावर घ्यायची, की त्या दिवसांत ते फाटक त्याच्याशिवाय कोणासाठी उघडल्याचं मला आठवत नाही.

माझ्यात दोन लव्हबर्ड होते. पिवळा पहिल्याच आठवड्यात दगावला. उरलेल्या निळ्याला शर्मिलाने नाव ठेवलं निळोबा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, छोट्याशा अंगणात मी टांगलेला असायचो. सकाळपासून ती निळोबाशी बोलायची. “निळोबा, आज वरण घट्ट करू का पातळ?” “निळोबा, मयूरचा आवाज बसल्यासारखा वाटला का रे फोनवर?” फोनवर मयूर पटकन ‘आय अॅम फाइन, आई’ म्हणून मोकळा व्हायचा. मग रिसीव्हर ठेवल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं. पण मी पडलो पिंजरा, करणार काय?

निळोबा मात्र एक नंबरचा नखरेल. बाजारातून आणलेल्या मिश्र दाण्यातली बाजरी तेवढी खायचा आणि टपोरे राखाडी दाणे चोचीने भिरकावून द्यायचा. ते माझ्या ढिल्या कोपऱ्यातून थेट खालच्या वाफ्यात पडायचे. जानेवारीत दोन-तीन सरी येऊन गेल्या, आणि त्या वाफ्यात एक रोप वर आलं. आधी बोटभर, मग वीतभर. पानं हाताच्या पंजासारखी पसरलेली, काठाला करवतीसारखे दाते.

ते पान बघून शर्मिला मटकन खालीच बसली.

“अगं बाई! अंबाडी!” ती म्हणाली. “निळोबा, अरे ही आमच्याकडची अंबाडी! ही इथं कशी आली रे?”

तिचे डोळे भरून आले होते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अंबाडीची आंबट भाजी होते, कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी देऊन, त्यांना तिचं मन कळेल. कुवेतच्या बाजारात मेथी मिळायची, पालक मिळायचा, अंबाडीचं नाव नाही. त्या दिवसापासून शर्मिलाचा नूरच पालटला. तांदळाचं धुवण वाफ्यात, भाज्यांची देठं वाफ्यात. धुळीचं वादळ उठलं की जुनी साडी घेऊन पळायची आणि रोपाभोवती गुंडाळायची. मला झाकायचं राहिलं तरी चालेल! मला राग यायचा, पण तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून गप्प बसायचो.

एकदा तिने कोवळं पान तोडून जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकलं. “आंबट नाही लागत रे,” ती निळोबाला म्हणाली. मग स्वतःच समजूत काढली, “इथलं पाणीच तसलं. समुद्राचं पाणी गोड करून देतात, त्यात कुठून येणार आंबटपणा? शिजवल्यावर येईल.” झाडाला उग्र वास यायला लागला, तर म्हणाली, हा खताचा असेल. तिला ती अंबाडीच हवी होती, मित्रांनो. मग कोणी काय समजावणार, आणि समजावायला होतं तरी कोण?

नाही म्हणायला एक जण होती. शेजारच्या घराच्या गच्चीवरून एक म्हातारी रोज आमच्या अंगणात बघायची. काळा बुरखा, हनुवटीवर हिरवं गोंदण, चेहरा असा की हसू कधी फिरकलंच नसावं. तिचं नाव शहरबानू. तिचे वाडवडील इराणमधून इथे येऊन राहिलेले. शर्मिलाला वाटायचं, ही आपल्यावर जळते, आपल्या रोपाला हिची नजर लागेल. म्हणून तिने रोपाच्या बुंध्याला काळा दोरासुद्धा बांधला. रोप आता तिच्या खांद्याला लागलं होतं.

एप्रिल आला, आणि शर्मिलाने मोठं धाडस केलं. तिने महाराष्ट्र मंडळाच्या नीरजाताईंना फोन लावला. मंडळाच्या बायका भिशीला, हळदीकुंकवाला जमायच्या, पण आमच्या घरी कोणी कधी यायचं नाही. रिग्गई लांब पडते म्हणायच्या. शर्मिला चाचरत म्हणाली, “नीरजाताई, माझ्या अंगणात अंबाडी आलीये. गुरुवारी संध्याकाळी सगळ्या याल का जेवायला?”

पलीकडून आवाज इतका मोठा आला की मलासुद्धा ऐकू गेला. “अंबाडी? काय सांगतेस काय! अगं, येणार म्हणजे काय, सगळ्यांना घेऊन येते!”

मग काय विचारता! शर्मिलाने पडदे धुतले, ताटं घासली, मिरच्यांचा ठेचा केला, कण्या भिजवल्या. मला पुसून लख्ख केलं. “निळोबा, उद्या घर भरणार हं आपलं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाजी ताजीच खुडायची, म्हणून झाडाला तिने हात लावला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात फाटक वाजायला लागलं. रोज संध्याकाळी बाहेर शहरबानू उभी. शर्मिला फटीतून बघायची आणि दबक्या पावलांनी आत जायची. म्हातारी थोडा वेळ थांबायची, पुन्हा वाजवायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मला वाटायचं, ही आता चिडून यायची बंद होईल. नाही झाली.

गुरुवारी दुपारी शर्मिला परात घेऊन भाजी खुडायला वाफ्यात उतरली, तेवढ्यात फाटक वाजलं. बायका लवकर आल्या की काय, म्हणून ती पदर सावरत धावली आणि तिने न बघताच कडी काढली. समोर शहरबानू! शर्मिला दार लोटणार, तोच म्हातारी अंगणात घुसलीसुद्धा. तिचा बाप जहाजातून खजूर घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं.

“ये तुम खाएगा?” परातीकडे बोट दाखवून तिने विचारलं.

“सब्ज़ी है,” शर्मिला घाबरत म्हणाली. “हमारे गाँव की.”

“सब्ज़ी नहीं!” शहरबानू माझ्याजवळ आली. तिने माझ्या वाटीतून एक राखाडी दाणा उचलला आणि शर्मिलाच्या तळहातावर ठेवला. “ये चिड़िया का दाना. नीचे गिरा, पेड़ बना. इसका पत्ता लोग चिलम में पीता. पुलिस देखेगा तो तुमको ले जाएगा, तुम्हारा आदमी को भी ले जाएगा. फिर घर नहीं, इंडिया नहीं. जेल. मैं पाँच रोज़ से बोलने को आता, तुम दरवाज़ा नहीं खोलता!”

शर्मिलाच्या हातातली परात खाली पडली. तिने एकदा दाण्याकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. “गांजा?” तिच्या तोंडून जेमतेम शब्द फुटला. मयूरचं काय झालं असतं, राजनचं काय झालं असतं, त्या सगळ्या बायकांच्या पोटात काय गेलं असतं, हे एकदमच तिच्या ध्यानात आलं असणार. निळोबा आत फडफडत होता. आणि मी? माझ्याच ढिल्या कोपऱ्यातून पडलेला तो दाणा! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण मी तर खिळ्याला टांगलेला.

शहरबानूने बुरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि झाड मुळासकट उपटलं. दोघींनी मिळून खड्डा खणून ते पुरून टाकलं. उरलेल्या दाण्यांवर शर्मिलाने उकळतं पाणी ओतलं. काळा दोरा तेवढा मातीत राहिला होता. तो उचलताना मात्र तिला रडू आवरेना. इतके महिने जीव लावला होता हो तिने! झाड वाईट होतं, माया थोडीच वाईट होती?

मग तिने डोळे पुसून नीरजाताईंना फोन केला. खरं कसं सांगणार? “अंबाडीला कीड लागली, उपटावी लागली. पण मी पिठलं करते ना, ठेचा तर तयारच आहे. या ना सगळ्या.”

“अय्या, हो का?” नीरजाताई म्हणाल्या. “मग राहू दे गं. पिठल्यासाठी एवढ्या लांब कुठे यायचं? बघू पुन्हा कधीतरी.”

शर्मिलाने रिसीव्हर ठेवला आणि मांडून ठेवलेल्या ताटांकडे बघत उभी राहिली. शहरबानूला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिने एक ताट ओढून घेतलं आणि खाली बसली. “भूख लगा,” ती म्हणाली.

दोघींनी पिठलं-भाकरी खाल्ली. ठेच्याने म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी तिने पुन्हा वाढून घेतला. जेवता जेवता म्हणाली, “मैं रोज़ ऊपर से देखता. तुम चिड़िया से बात करता. मेरा घर में तो चिड़िया भी नहीं.”

त्या रात्री राजनला सगळं कळलं, तेव्हा तो पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी त्याने माझा ढिला कोपरा तारेने घट्ट बांधला आणि शहरबानूचे आभार मानायला स्वतः गेला. पुढच्या सुट्टीत गावाहून येताना त्याने खऱ्या अंबाडीचं बी आणलं. त्याच वाफ्यात ते रुजलं. शर्मिलाने कोवळं पान जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून खुदकन हसली. आंबट! भाजी केली ती शहरबानूसाठी. म्हातारीने एकेक घास डोळे मिटून गिळला, पण ताट स्वच्छ केलं.

नीरजाताईंना कुठून कोण जाणे, वास लागलाच. “अंबाडी आलीये म्हणे?” त्यांनी फोनवर विचारलं. “आली होती,” शर्मिला गोडपणे म्हणाली, “संपली.”

पुढे निळोबा म्हातारा होऊन गेला. त्याला अंबाडीखालीच पुरलं. मग माझ्यात चक्क कांदे-लसूण ठेवायला लागले! एवढा माशाल्ला घुमट माझा, आणि आत लसणाच्या माळा! पण रोज संध्याकाळी त्या दोघी माझ्याखाली बसून चहा प्यायच्या, म्हणून तोही अपमान मी गिळला. २००४ साली राजन निवृत्त झाला आणि ते नाशिकला परत गेले. जाताना शर्मिलाने मला आणि अंबाडीच्या बियांची पुरचुंडी शहरबानूकडे दिली. फाटकाशी दोघी एकमेकींना धरून रडल्या. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

शहरबानूने मला इथे गच्चीवर आणलं. दरवर्षी कुंडीत अंबाडी लावायची. खायची नाही, नुसती फुलू द्यायची. पिवळं फूल, आत गडद लाल. आमच्या जुन्या घरात नवे भाडेकरू आले. ती वरून त्यांच्याकडे बघायची, पण आता तिच्याने जिना उतरवत नव्हता. कोणीतरी आपलं फाटक वाजवेल, म्हणून कान देऊन बसायची. तिची मुलं दूर राहायची, शुक्रवारी घाईघाईत येऊन जायची. बाकी कोणी वाजवलं नाही. या हिवाळ्यात तीही गेली. कुंडी माझ्याशेजारीच आहे, कोरडी ठणठणीत. तिच्याकडे बघितलं की मला उन्हापेक्षा जास्त चटका बसतो.

मित्रांनो, मला रंग लावा, दार दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं जगून. पण तुमच्या भिंतीपलीकडे कोणी पक्ष्याशी, झाडाशी, नाहीतर नुसतं स्वतःशीच बोलत असेल, तर त्याच्याकडे जा. अंबाडी उगवायची वाट बघू नका. त्याचं फाटक वाजवा. त्याने नाही उघडलं, तर रुसून परत फिरू नका. तो आत फटीतून बघत उभा असेल. उद्या पुन्हा वाजवा.