रंजनाच्या बांधावरचा दगड

“साहेब, सडक रंजनाच्याच शेतातून का नेता? आमच्या शेतानं तुमचं काय घोडं मारलं?”

विचारलं! मैत्रिणींनी पैज लावली होती, “जसोदा, ओव्हरसियरला तोंडावर विचारशील तर खरी.” आणि मी, वर्गात पहिली येणारी, मागे हटते की काय?

राज्य नवं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या तापीकाठी सरकारी ओव्हरसियर ही सडक मोजायला लागले. परमुलखातल्या कुठल्याशा बँकेचं कर्ज. आमचा कापूस म्हणे थेट सुरतेच्या बंदरावर जाणार आणि सडक पुढे किनाऱ्याच्या हमरस्त्याला मिळणार. पण मला बंदराचं काय! गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल शहाद्याला. आणि माझ्या वडिलांचा, आप्पांचा एकच हेका: “जठे मोटर नही, तठे पोर नही.” आता मोटर येणार, पण थांबणार कुठे? रंजनाच्या बांधावर. त्या रंजनाच्या, जी गणितं माझीच बघून लिहिते!

नुसती सडक असती तरी सोसलं असतं. ओव्हरसियरने तिच्या बांधावर दगड रोवला, त्यावर तांबड्या रंगाने बाण आणि आकडा काढला. तिच्या आजीला, नानीबाईला, तांबडा दगड दिसला. तिने नारळ फोडून वर तेलशेंदूर थापला. मग काय, अख्खं गाव लोटलं. म्हणजे देवसुद्धा रंजनाकडेच! शाळेतून येताना मी रोज त्या दगडाकडे डोळे वटारून बघायची.

माझ्या प्रश्नावर ओव्हरसियर हसले नाहीत. घाम पुसत म्हणाले, “पोरी, आधी माझा दगड तर सापडू दे. इथे पाच देव बसलेत.”

खरंच की. देवाला सोबत हवी म्हणून बायकांनी शेजारी आणखी चार दगड रोवले होते, सगळे सारखेच शेंदरी.

“उद्या कर्ज देणाऱ्यांचा गोरा साहेब तपासायला येतोय. खूण दिसली नाही तर ही मोजणी रद्द. सडक नदीपलीकडून जाईल.”

शेजारी उभ्या रंजनाचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. बस आता घरी! नाही मोटर तुला, नाही मोटर... मला?

“डावीकडून दुसरा,” मी म्हणाले.

“कशावरून गं?” रंजना.

“रोज जळत बघते त्याच्याकडे. माले नही माहीत, त कोनले माहीत?”

पण देवाला खरवडणार कोण? जमलेली गडीमाणसं मागे सरकली. शेवटी नानीबाईच पुढे आली. हात जोडून म्हणाली, “देवा, सरकारी काम शे, रागे भरू नको.” वर तेल ओतलं, पदराने शेंदूर पुसला. खालून बाण निघाला.

रंजनाने सगळ्यांदेखत मला मिठी मारली. मला आणखीच राग आला.

तशीच घरी आले. आप्पा बैलांना चारा टाकत होते, माय भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहिले.

“आप्पा, माय, आयका. मोटर रंजनाना बांधवर थांबनार शे. मी नाला वलांडीसन तठे चालत जासू, शहादाना हायस्कूलमा शिकसू. आनि खिडकीनी जागा माले. रंजनाले नही!”