बूट आणि वहाणा

मला राणीआई व्हायचं नव्हतं. हे मी मामाला सांगितलं, मावश्यांना सांगितलं, जंगलाच्या गेटवरच्या ओफोरीला सांगितलं, अगदी केळी सडवायच्या बादलीलासुद्धा सांगून झालं. ऐकतो कोण!

आमच्या गावात गादी आईकडून मुलीकडे, भाचीकडे चालते, बहिणीकडे नाही. थोरली मावशी गेली, तिची गादी रिकामी झाली, आणि तिच्यामागं घराण्यात बसण्याजोगी उरलेली एकुलती एक बाई म्हणजे मी, दुफी. मी नाही म्हटलं तर गादी पलीकडच्या घरात जाणार, आणि त्या घराशी आमचं आजीच्या काळापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. म्हणजे झालंच! पण एकदा मानाच्या वहाणा पायात चढल्या की राणीआईचा उघडा पाय पुन्हा जमिनीला लागत नाही. लागला तर गादी जाते आणि सगळ्या घराण्याला बट्टा लागतो. एकटीनं कुठं जायचं नाही, रस्त्यात उभं राहून भाजलेलं केळं खायचं नाही. आणि मी पडले राखीव जंगलात लोकांना फुलपाखरं दाखवणारी बाई, सकाळपासून चिखलात. माझे पाय काढून घ्यायचे आणि वर म्हणायचं, हा घे मान!

मावशीचे दिवस उरकले तशी मी घरी गेलेच नाही. जंगलातल्या विश्रामगृहातच मुक्काम ठोकला. वहाणा घालायला पाय तर सापडले पाहिजेत ना?

अंत्वीमामा, आमच्या घराण्याचा कर्ता, एकदा पामच्या सुपाचा डबा घेऊन आला. मी सापळ्यात ताडी कालवलेलं केळं ठेवत होते. सापळा म्हणजे झाडाला टांगलेली जाळीची लांब पिशवी. वरून शिवलेली, खालून उघडी, आणि खाली केळ्याची ताटली. आत आलेली तपकिरी फुलपाखरं वरच्या शिवणीवर धडका मारत होती.

"खालून तर सताड उघडं आहे," मामा म्हणाला. "मग ही बाहेर का पडत नाहीत?"

"घाबरली की वर बघतात मामा. उजेड वर असतो ना. आलो कुठून ते आठवतच नाही त्यांना."

"बावळट आहेत."

"बावळट नाहीत, प्यायलेली आहेत. तुझ्यासारखी."

मामा पोट धरून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "दुफे, गादीला नाही म्हणत नाहीत गं."

"गादी म्हणजे काय फुफूचा गोळा आहे, समोर आली की न चावता गिळायची?"

"मी तुला ओढून नेणार नाही."

"घे शपथ."

"ओढून नेणार नाही म्हटलं ना! शपथ कशाला हवी?"

"मग डबा ठेव आणि नीघ," मी म्हटलं. सूप मात्र चाटूनपुसून खाल्लं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. वाळकं पान वाजलं तरी मी दाराआड. एवढं मोठं जंगल, पण बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर माणसं कोंबून नेणाऱ्या ट्रोट्रो गाड्यांचा एकूण एक ड्रायव्हर आमच्याच गावचा. कुणाच्या गाडीत बसू? ओफोरी तर रोज सकाळी मुद्दाम वाकून विचारायचा, "राणीआई, चहा घेणार?" मेल्याच्या तोंडावर कप फेकावासा वाटायचा. ज्या जंगलात मी उभा जन्म मोकळी फिरले, तिथं आता मला श्वास पुरेना.

मग तो दिवस आला. रात्री पाऊस झाला होता, ओढ्याकाठी ऊन पडलं होतं. मी बूट काढून वाटेवर ठेवले. घामाच्या खारटपणाला फुलपाखरं येतात, बुटांवर बसतात, हे आमचं रोजचंच. आणि वरून ते उतरलं. आमच्या जंगलातलं सगळ्यांत मोठं, लालसर पिवळं, लांब निमुळत्या पंखांचं. आजवर त्याची फक्त सावली शेंड्यांवरून सरकताना पाहिली होती. ते बुटांवर बसलं नाही. माझ्या उघड्या पावलावर बसलं! सोंड उलगडून घाम पिऊ लागलं. बाई गं, मी श्वासच रोखला.

तेवढ्यात मागं पानं वाजली. हळूच मान वळवून पाहिलं. मामा होता, दोन्ही मावश्या, आणि वाट दाखवायला ओफोरी, हरामखोर. मामाच्या हातात पांढऱ्या कापडाची पुरचुंडी होती.

ओढ्याकडची वाट मोकळी होती. पळ दुफे, पळ, माझं मन ओरडत होतं. पण पाय हलवला की ते उडणार. मी नाही हलले.

"अगं धरा तिला!" धाकटी मावशी कुजबुजली.

मामानं हात वर केला. "श्श. पिऊ दे त्याला."

सगळे थांबले. माझे डोळे भरून आले. त्या क्षणी मामाच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मग ते उडालं. माझ्याभोवती एक गिरकी घेऊन वर, पानांतून वर, उजेडाकडे. मी मान मागं टाकून, एक पाऊल मागं सरकून, तोंड उघडं टाकून बघत राहिले. केवढं सुंदर होतं ते!

आणि पावलाला गार चामडं लागलं.

खाली पाहिलं तर मामा चिखलात गुडघे टेकून माझ्या उजव्या पायातल्या वहाणेचा पट्टा सरळ करत होता.

"मामा!"

"तूच सांगितलं होतंस," तो मान वर न करता म्हणाला, "वर बघतात म्हणून."

माझा डावा पाय अजून उघडा होता. झिडकारता आलं असतं. पण म्हातारा चिखलात, दुसरी वहाण हातात धरून, सगळ्यांदेखत माझ्या पायाशी बसलेला. त्यानं माझा पाय ओढला नाही, बोलल्याप्रमाणे नुसता वाट बघत राहिला. डावा पाय मीच पुढं केला.

मावश्यांनी आरोळी ठोकली, माझ्या खांद्यांवर शुभाची पांढरी भुकटी उधळली. ओफोरीनं आता थट्टेनं नाही, खरोखरच कमरेत वाकून माझे बूट उचलले.

"राणीआई, हे कुठं ठेवू?"

"तिथंच असू देत," मी म्हटलं. "घाम आहे अजून त्यांत."